अनंताच्या मुळाशी साचलेलं मीठ

मंडळी, आज एकच विचारतो — मायेनं केलेल्या कामातून कुणाचा जीव जाईल का? नाही म्हणताय? थांबा! ऐका आधी!

मिरजेत चंद्रभागाबाई दामले राहायच्या. अंगणात मोठ्या कुंडीत अनंत, यजमानांनी हातानं लावलेला. यजमान गेले, पण हंगामात देवाला फूल त्याच अनंताचं! घरात सून आली, शर्वरी. बाईंनी झाडाला पाणी घालायचं तिच्याकडे दिलं, वर हुकूम — "एकच तांब्या! खाली थेंब आला तर माझी फरशी डागाळते!"

वर्ष गेलं. पानांची टोकं करपली, कळ्या गळाल्या. बाईंचं काळीज हललं! केलं काय? दुपारी घर निजलं, की गुपचूप मूठभर खत! झाड आणखी सुकलं — आणखी मूठ! आणि तोंडानं? "शर्वरी, तुझ्या हाताला झाडच लागत नाही!" पोरीनं ऐकून घेतलं. आपल्याकडे ऐकून घेणाऱ्यालाच जास्त ऐकवतात... हसताय काय? तुमच्याच घरचं सांगतोय!

शेवटी शर्वरीनंच नर्सरीतल्या रमजानचाचांना आणलं. चाचांनी मातीवरचा पांढरा थर नखानं उकरला.

"हे खताचं मीठ. पाणी खालून निचरतच नाही, म्हणून साचलंय. मुळं जळतायत. खत कोण घालतं?"

"मी नाही," शर्वरी म्हणाली.

बाईंचा मुलगा श्रीधर कडाडला, "मग काय आई घालते? बाबांचं झाड आहे ते! खोटं तरी बोलू नकोस!"

मंडळी! अंगणात चौघं उभी, आणि खरं एकीलाच ठाऊक! बाईंच्या मनात आलं — गप्प राहिलं तर? कोण विचारणार होतं त्यांना? सुनेचे डोळे भरले, ती आत जायला वळली —

"थांब गं!" बाई ओरडल्या. "मी घालत होते. मीच!"

श्रीधरची मान खाली. चाचाच म्हणाले, "वहिनी, आधी झाड बघू. थर खरवडा. साधं पाणी ओता, खालच्या भोकातून धो धो वाहीपर्यंत. निथळलं की पुन्हा. तीन-चार वेळा! दोन महिने खत बंद."

"आणि नाही जगलं तर?" बाईंनी विचारलं.

"आज धुतलं नाही, तर नक्कीच नाही जगणार."

बाईंनी पदर खोचला, बादली उचलली. भोकातून चहासारखं पाणी सुटलं, फरशीभर पसरलं! तिसरी बादली उचलेना, तेव्हा शर्वरीनं दुसऱ्या बाजूनं कडी धरली. बोलली मात्र नाही. चार दिवस बोलली नाही!

दोन फांद्या गेल्याच. तिसरीला महिन्यानं हिरवा कोंब आला. तो आधी शर्वरीला दिसला. तिनं स्वयंपाकघरात हाक मारली, "आई, बाहेर या लवकर!" — आणि बाई तिथेच, हात पिठात, रडायला लागल्या.

आता तुम्ही घरी जाल. मुलाला, सुनेला, नवऱ्याला रोज मूठमूठ उपदेश — मायेनंच ना? पण निचरा? समोरच्याचं मन मोकळं वाहू दिलंत कधी? आणि कोमेजलं माणूस, तर बोट कुणाकडे? "चूक माझी" असं चारचौघांत म्हणायला ज्याची जीभ वळली ना, त्याच्याच दारी तो अनंत नांदतो! म्हणा एकमुखानं — अनंत गोविंद, अनंत हरी!