घावनाच्या पिठाइतकी

— बसा हो शुभमदादा, उभ्याने काय होणार हाय? साठ शर्टांतले दहाच छापायचे राहिलेत. बहिणीची हळद संध्याकाळी हाय ना — मग? थळहून काशीद ते कितीसं, दीड तासात पोचाल. निकेत? न्हाय आज. तुमची ऑर्डर त्याने घेतली होती, ठाऊक हाय मला, पण धाकटा भाऊ न्हाय म्हणून या दिनानाथचं दुकान बंद पडत न्हाय. बघा — हा रबर असा धरायचा, एका दमात खाली ओढायचा. शाई दाट झाली तर जाळी तुंबते, पातळ झाली तर अक्षरांना पाय फुटतात. आई घावनाला पीठ कालवते ना, तेवढी ठेवायची. पळी उचलली की सावकाश सुटली पाहिजे.

त्या कोपऱ्यातले काय बघताय? खराब झालेत ते, बारा; त्यांच्या बदली दुसरे आणलेत मी. 'करवली' लिहिलंय, वाचता येतंय? न्हाय ना. निकेतने केले. काल सकाळी शाई कालवली, तुमचे शर्ट आणायला स्टँडवर गेला, आला आणि ओढत बसला रबर. लगेच दिसत न्हाय हो ते — कापड हळूहळू पीत जातं, मग पसरतं. मी बघेपर्यंत बारांची माती. डोकं फिरलं माझं. फिरणारच. तुमचं न्हाय फिरणार? एक ठेवून दिली त्याला, बस. मोठा भाऊ हाय मी, बाप गेल्यापासून मीच मारत आलोय, मीच जेवू घालत आलोय.

एकच — म्हणजे, एक नुसत्या हाताने. मग ही जाळीची फ्रेम हातात होती. लाकडी हाय, जड हाय, आता धरून बघा. पहिली खांद्यावर बसली. दुसरीला त्याने डोक्यावर हात धरला, म्हणून बोटांवर बसली. हात मधे घालायचा कशाला? मी काय डोकं फोडणार होतो त्याचं? — तिसरी मारायला नको होती. हे मी मान्य करतो. खाली बसला होता तेव्हा तो.

आणि चूक कबूल करायला काय होतं माणसाला? एवढंच बोलला असता की दादा, पाणी जास्त झालं. पण न्हाय. दोन दोन वेळा विचारलं. तो आधी उठून दार लावून आला — दार! — मग त्या तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तसं बघणाऱ्या माणसाचा मला लय राग येतो.

कुठला तांब्या? पाण्याचा. इथेच होता, शाईच्या डब्याजवळ. आता सकाळचा मतलई वारा, कोरडा, डोंगराकडचा — दार उघडं ठेवलं की शाई सुकते. तो कायम दार लावून छापतो. मला उकडतं. तो स्टँडवर गेला तेवढ्यात मी उघडलं, शाई झाली चिक्कट, मग मी आपलं थोडं — अर्धा तांब्या —

असं बघू नका माझ्याकडे.

दोन बोटं मोडलीत. उजव्या हाताची. अलिबागला सरकारी दवाखान्यात हाय, डॉक्टर म्हणाले मूठ वळेल का ते महिन्याने सांगू. रबर धरायला मूठ लागते. मी गेलो होतो हो, दारातनं परत आलो, आई बसली होती उशाशी. आज पहाटे तीच घरी आली, ही शाई तिने कालवली, बोटाने, पिठासारखी. डबा ठेवला आणि पुढच्या गाडीने परत गेली.

हे घ्या, झाले साठ. मोजू नका, बरोबर हायत. अलिबागवरनंच जाल ना तुम्ही? मग दवाखान्यात त्याला — न्हाय, राहू द्या. काही सांगू नका. काय सांगणार?

जा आता. आणि जाताना दार ओढून घ्या, शाई सुकते.