लळिंग ते सोनगीर

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोल, शेजारी पिठाची गिरणी चालू आहे… कोण, झुलाल? हां, बोल रे. तुझी अक्का, इंदिराच बोलतेय. भडगावहून तुझ्याशी दुसरं कोण बोलणार?

…मगन निघाला का म्हणून विचारतोस? नाही निघाला… छे, एसटी चुकली नाही. एसटी आहे अजून. दुपारची मिळाली तर जळगावला संध्याकाळची गाडी गाठता येते. पण पोरगा उंबरा ओलांडेल तेव्हा ना! बूट घालून ओट्यावर बसलाय, ट्रंक शेजारी. उठतो, कोपऱ्यापर्यंत जातो, परत येतो. आज गाडीत बसला नाही तर पलटणीत वेळेवर हजर होत नाही, तुला का मी सांगायला हवं? आणि ऐक, हे सगळं तुझ्यामुळे.

…तुझ्यामुळे म्हणजे तुझ्याचमुळे! कानबाईच्या सणाला आला होतास ना? खीर जेवलास, गंगाफळाची भाजी दोनदा मागून घेतलीस. मग पान खायचं आणि धुळ्याला जायचं. ते नाही. सुभेदारसाहेब बसले लोडाला टेकून आणि लागले माझ्या नातवाशी भांडायला. सात-बासष्ट, पाच-छप्पन, सात-बासष्ट, पाच-छप्पन… पाढे होते का रे ते?

…हो, माहीत आहे मला. ऐकलंय मी. सात-बासष्ट म्हणजे जुन्या रायफलची गोळी, मोठी, झाडाच्या आडोशाला लपलेल्यालाही सोडत नाही. पाच-छप्पन नव्या रायफलची, बारीक… हो, हो… अरे ऐक ना… मगनने तुला सांगितलं की नाही, की हलकी आहे म्हणून जास्त गोळ्या नेता येतात, डोंगर चढताना खांदे तुटत नाहीत, नेम सुटत नाही? सांगितलं ना? मग तिथे थांबायचं होतं. तू काय म्हणालास? "बोराच्या बीएवढी गोळी. समोरच्याला लागली तरी तो उभाच राहतो आणि उलट झाडतो."

…म्हणालास! अख्खी ओसरी ऐकत होती. आणि दाराआड कोकिळा उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. वैशाखात मगनशी लग्न झालंय त्या पोरीचं, झुलाल. श्रावणात तू तिला हे ऐकवलंस.

…रडत नाही ती. रडली असती तर बरं होतं. तिने रोट लपवलाय.

…रोट! कानबाईचा रोट. मगनच्या नावाचा. विसरलास का आमच्या घरची रीत? घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्यांच्या पिठाचे जाड रोट करायचे, आणि ते आपल्या भाऊबंदांतच संपवायचे. रोट संपल्याशिवाय पुरुषाने घर सोडायचं नाही. सासूबाईंपासून चालत आलंय ते. सगळ्यांचे संपले, मगनचा एक तेवढा राहिला. सकाळी ताटात घ्यायला गेले तर डबा रिकामा. विचारलं तर म्हणते, "आजी, आहे. पण आज नाही देणार." बस्स. चुलीपाशी बसलीय पाठ करून.

…रागावू कशी? रीत मीच शिकवली तिला. आता माझ्याच गळ्यात आली.

…नाही, मगन तसा जाणार नाही. मी म्हटलं, जा बाबा, देवीची मी क्षमा मागते. तो म्हणतो, "आजी, तिने हाताने दिल्याशिवाय नाही." दोघंही एकाच मातीची.

…म्हणून म्हणते, तू बोल तिच्याशी. सांग, नवी रायफल चांगली आहे… का नाही सांगणार?… खोटं बोलत नाही? सुभेदार खोटं बोलत नाही? अरे वा!

मग चीनच्या लढाईला निघालास तेव्हा आईला काय सांगितलं होतंस?

…आठवत नाही? मी सांगते. पांझरेच्या काठचं आपलं घर. आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. जात्याजवळ बसून होती, दळण तसंच पडलेलं. तू नव्या कपड्यांत तिच्यापुढे उकिडवा बसलास आणि म्हणालास, "आई, माझ्या बंदुकीची गोळी लळिंगच्या किल्ल्यावरून उडवली तर सोनगीरच्या किल्ल्याला जाऊन लागते." मध्ये अख्खं धुळं, झुलाल! आणि आईने उठून जातं ओढायला घेतलं. नदीवर धुणं धुताना सगळ्या बायांना सांगायची, "मना झुलालनी बंदूकपुढे कोन टिकी?" माझ्या कानात अजून आहे तो आवाज.

…हसतोस काय? आणि स्टेशनच्या वाटेवर मी विचारलं, खरंच का रे? तर म्हणालास, "अक्का, जुनाट बंदूक आहे. दर गोळीला खटका मागे ओढावा लागतो. आईला बोलू नकोस." मी नाही बोलले. आई गेली तोवर नाही बोलले.

…हो… हो रे… थंडीने खटका जाम झाला होता, ते तू परत आल्यावर सांगितलंस. शेजारच्या खड्ड्यातल्या साताऱ्याकडच्या पोराने तुला वाचवलं… माहीत आहे… झुलाल, तुझा आवाज असा का येतोय?

…झोप नाही? कधीपासून?… कानबाईपासून?

अरे देवा. म्हणजे तू त्याच्याशी भांडत नव्हतास. घाबरला होतास तू.

…बरं, बरं, नाही घाबरलास. सुभेदार कसे घाबरतील! पण मग सकाळपासून "निघाला का, निघाला का" म्हणून फोन कशाला करतोस? नाही निघाला तर बरं, असंच ना तुझ्या मनात?

…मग तिच्याशी बोल. बिल वाढतंय तुझं.

…बोलतोस तिच्याशी? थांब… कोकिळा! ए कोकिळा! इकडे ये. धुळ्याचे आजोबा आहेत… नाही गं, रागवत नाहीत. हात पूस आणि धर… अगं उलटा धरलास, बोलायचं खाली. हं. बोल.

"हॅलो… हो आजोबा, मीच… नाही दिला अजून… तुम्हीच तर म्हणालात ना तसं… हो… कुठून? लळिंगवरून?… कुठे लागते?… आजोबा! अहो, माझं माहेर सोनगीरचं आहे. आमच्या गावात आजवर एकही गोळी पडल्याचं ऐकलं नाही मी…"

हसली! झुलाल, अरे, हसली रे ती!… अगं ऐक तू, माझ्याकडे नको बघू.

"…हो… ऐकतेय… तुम्हालासुद्धा?… मग कसे गेलात?… हो… शेजारी कोण होता?… हं… हो… म्हणजे हे गेले नाहीत तर यांच्या शेजारच्याची एक बाजू उघडी पडेल… हं… त्यालाही कोणी असेल घरी… नाही, कळलं. कळलं आजोबा… बरं. देते."

दे इकडे… हॅलो, झुलाल? गेली ती आत. काय सांगितलंस शेवटी?… खरं तेच? "मलाही भीती वाटत होती" म्हणून? अरे, इतक्या वर्षांत तू हे आईला नाही सांगितलंस, मला नाही… थांब, थांब. धान्याची कोठी उघडल्याचा आवाज आला. बघ, गव्हात पुरून ठेवला होता बाईने! आणि मी सगळे डबे पालथे घातले.

…हो, दिला. हातात दिला. उभ्यानेच खातोय, बसवत नाही त्याला. दुधात बुडवून. शेवटचा घास तिला भरवतोय… मी बघत नाही बाबा, मी भिंतीकडे तोंड केलंय… ये रे मगन. पाया कसले पडतोस, एसटी जाईल. डोंगरात कानटोपी घाल. जा. मागे बघू नकोस… हो, आजोबांना सांगते.

झुलाल, तुला नमस्कार सांगितलाय. निघाला… कोकिळा गेलीय कोपऱ्यापर्यंत. ट्रंकेची एक कडी तिने धरलीय… हो, दिसतायत अजून… आता वळले.

…नाही, काही नाही. इथेच आहे मी.

झुलाल, ऐक. घरात कोणी नाही आता. गिरणीही थांबलीय. मला सांग… ती बारीक गोळी… पुरेल ना रे ती?… अरे, बोल ना. लळिंग-सोनगीर सांग हवं तर. सांग, मी ऐकते.

…हॅलो?… झुलाल?… फोन कटला का रे?… हॅलो?…