आखूड पायांचा भुरा

हाडांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर म्हातारी भावंडं बोलत बसली होती. गुडघ्याचा एक्स-रे मांडीवर घेतलेल्या आजींचे कान तिकडेच होते.

“दादा, ऑपरेशननंतर पाय बोटभर आखूड राहणार म्हणे. चालता येईल ना रे मला?”

“कॉलेजसाठी मी बेडकांच्या पायांना शाई लावून कागदावर उड्या मारायला लावायचो, आठवतं?”

“न आठवायला काय झालं! टेप घेऊन मीच धावायचे. तू आपला खुर्चीत, वही घेऊन.”

“लांब नडगीवाला लांब उडी घ्यायचा. सरड्याचे चारही पाय जवळपास सारखे, तो नुसता पळायचा.”

“आणि तो आखूड पायांचा बेडूक, भुरा? मला कीव यायची त्याची. दर उडीला चार बोटं वाढवून सांगायचे. आज कबूल करते.”

“ठाऊक होतं. तेवढ्याशा नडगीत तेवढी उडी बसतच नव्हती. मी गुपचूप खोडायचो.”

“लबाडा! साठ वर्षं बोलला नाहीस?”

“तू रडली असतीस. पण भुरा चालायचा झकास. पार भिंतीपर्यंत जायचा.”

“चला ताई, आत या,” सिस्टरने हाक मारली.

“दादा, दारापर्यंत किती पावलं असतील रे?”

“दहा. फार तर दहा.”

काठी टेकत ती निघाली. समोर ऐकत बसलेल्या आजींनी पावलं मोजली. बावीस भरली.