चार मिनिटांचा नकाशा

...नाही, पण मी म्हणतो, आकडा मोठा असला की माल चांगला, हे आपण लहानपणापासून धरून चालतो की नाही? मग या मेमरीच्या पाकिटावर दोन आकडे छापायचे, त्यातला एक मोठा असला तर चांगला आणि दुसरा लहान असला तर चांगला, हा कुठला न्याय? आणि तेही शेजारी शेजारी! एकाच रंगात! म्हणजे माणसाने उजव्या डोळ्याने आनंद मानायचा आणि डाव्याने काळजी करायची? अहो, मला साधी मेमरी घ्यायची होती!

मेमरी म्हणजे कॉम्प्युटरची हो, माझी नाही. माझी ठणठणीत आहे. त्याशिवाय का हे सगळं मिनिटा-सेकंदासकट सांगतोय?

तर झालं काय, आमच्या घरात कॉम्प्युटर एकच. टेबलाखाली काळी पेटी, पाय सोडून बसलं की गुडघ्याला लागते. त्यावर आमची ही इमारतींचे नकाशे काढते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढले, सही कायम दुसऱ्याची. आता पहिल्यांदा स्वतःच्या सहीचं काम आलं, एका शाळेच्या इमारतीचं. आणि एक दिवस ती जाता जाता म्हणाली, "शाळेचा नकाशा उघडायला चार मिनिटं लागतात हो." बस! एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. आता तुम्हीच सांगा, नवरा म्हणून मी काय समजायचं? मी समजलो, तक्रार आहे. आणि बायकोची तक्रार आणि आपल्या हातात स्क्रूड्रायव्हर, असा योग काय रोज येतो?

आमच्या ऑफिसात एक आहे, त्याला आम्ही गिगाहर्ट्झ म्हणतो. भिंतीवरचं घड्याळ बघूनसुद्धा "हे अजून पळेल" म्हणणारा माणूस! तो म्हणाला, "ओव्हरक्लॉक कर." म्हणजे काय, तर कारखान्यातून मशीन जो वेग ठरवून आलंय, त्याच्याहून जोरात पळवायचं. मी विचारलं, "का रे, त्यांनी ठरवलेला वेग चुकीचा आहे का?" "चुकीचा नाही रे, भित्रा आहे! पण त्यासाठी मेमरी दमाची पाहिजे. आधी सांग, मदरबोर्ड कुठला?"

मी म्हटलं, "हिरवा."

त्याने माझ्याकडे असं बघितलं ना... डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तेव्हा बघतात तसं.

मग तीन आठवडे अभ्यास! तुम्हाला सांगतो, शाळेत एवढा केला असता तर त्या शाळेच्या भिंतीवर माझं नाव असतं. मदरबोर्डवाल्यांची एक यादी असते, कुठकुठली मेमरी आमच्याकडे चालेल म्हणून. मुंगीएवढी अक्षरं, चाळीस पानं! ती मी भिंग घेऊन वाचली. मग इंटरनेटवरचे सल्ले. एक म्हणतो, वेग बघा. दुसरा म्हणतो, वेगाला काय चाटायचंय, वाट किती बघायला लावते ते बघा. तिसरा म्हणतो, वरचे दोघेही मूर्ख आहेत, आतली चिप कोणाची ते बघा. बघा म्हणजे? पाकीट बंद, त्यावर पत्रा, पत्र्याखाली चिप! आणि सगळ्यात खाली चौथा, बहुतेक फार सोसलेला असणार, तो लिहितो, "शेवटी सगळं नशीब असतं. एकाच पाकिटातली माझी पळाली, भावाची नाही पळाली." अरे, मग हे पहिल्या पानावर लिहायला काय झालं होतं? चाळीस पानं वाचली की मी! मला साधी मेमरी घ्यायची होती!

ही हे सगळं बघत होती. बोलली एकदाच. "तुम्ही भेंडी आणताना एक तरी भेंडी कधी मोडून बघितलीत का हो?"

मी गेलो दुकानात. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बसलेला. "दिव्यांची देऊ की बिनदिव्यांची?" मी म्हटलं, "दिव्यांनी वेग वाढतो का?" "वेग नाही वाढत, साहेब. शोभा वाढते." अहो, पेटी टेबलाखाली! शोभा कोणाला, माझ्या गुडघ्याला? बिनदिव्यांची घेतली. जोडीच घेतली, सुट्या दोन घ्यायच्या नसतात, पान सतरा. गुरुवारी घरी आणली, पेटी उघडली, लावायला गेलो... तर जाईना! प्रोसेसरवरचा पंखा आडवा आला. कारण या मेमरीच्या डोक्यावर गार राहण्यासाठी हा एवढा उंच पत्र्याचा तुरा! वेग बघितला, वाट बघितली, चिप बघितली, नशीब बघितलं... उंची नाही बघितली! परत दुकानात. दुकानदार म्हणतो, "मग पंखा बदला, साहेब." मी म्हटलं, "वा! मेमरीसाठी पंखा बदलू, पंख्यासाठी पेटी बदलू, पेटीसाठी टेबल बदलू..." तो शांतपणे म्हणाला, "टेबलं आम्ही ठेवत नाही."

बुटकी मेमरी घेऊन आलो. शनिवारी लावली. मग वेग वाढवायचा, एक पायरी चढवायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. पडदा काळा. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल काढायचा, म्हणजे त्याला काय काय सांगितलं होतं ते सगळं तो विसरतो, मग परत लावायचा, परत पायरी... असं अकरा वेळा! बाराव्या वेळी उभं राहिलं! मी घड्याळ लावलं, शाळेचा नकाशा उघडला, श्वास रोखून धरला...

तीन मिनिटं छप्पन्न सेकंद.

अहो, चार सेकंद वाचले! हसू नका, तीन आठवड्यांनी चार सेकंद, म्हणजे आठवड्याला सव्वा सेकंदाच्या वर पडलं! गिगाहर्ट्झला फोन केला. तो म्हणाला, "अभिनंदन! आता आठ तास चाचणी लाव. टिकली, तरच त्यावर काम करायचं." आता आठ तास चाचणी लावली तर हिने काम कशावर करायचं? सोमवारी दहा वाजता नकाशा द्यायचा! म्हणून मी दहा मिनिटं लावली. टिकली की दहा मिनिटं!

रविवारी दुपारी चार वाजता आतून हाक आली. "अहो..."

आता लग्न झालेल्यांना सांगायला नको, 'अहो'चे प्रकार असतात. डबा उघडत नाही तेव्हाचा 'अहो' वेगळा, पाल दिसली तेव्हाचा वेगळा. हा मी पूर्वी कधी ऐकलेलाच नव्हता. गेलो. पडदा निळा. मशीन पुन्हा सुरू केलं, तर नकाशाची फाइल उघडेना. बिघडलीच! आणि खरं सांगतो... वीस वर्षांनी बाईच्या स्वतःच्या सहीचं पहिलं काम, आणि मी चार सेकंदांसाठी त्याचं वाटोळं केलं. मला माझीच लाज वाटली. ओव्हरक्लॉक म्हणे!

मग तिने टेबलाचा खण उघडला आणि एक पेनड्राइव्ह काढला. "जेवायच्या आधीपर्यंतचं आहे यात. दोन तासांचं काम पुन्हा करावं लागेल, बाकी काही नाही."

"तू... तू कॉपी कधीपासून ठेवायला लागलीस?"

"तुम्ही स्क्रूड्रायव्हर हातात घेतलात ना, तेव्हापासून."

मी स्क्रूड्रायव्हर हळूच खिशात टाकला.

"आता ते सगळं होतं तसं करा," ती म्हणाली. एक बटण असतं हो त्याला! एक बटण दाबलं की सगळं मूळपदावर! नवी मेमरी, एवढी निवडून, भिंगातून पारखून आणलेली, ती जुन्या मेमरीच्याच चालीने चालू लागली, निमूट. पेनड्राइव्हवरचा नकाशा उघडायला लावला. मी मान खाली घालून म्हटलं, "परत चार मिनिटं लागणार गं. चुकलं माझं."

"मग बरंच की!" ही म्हणते. "अहो, दिवसभरात तेवढीच तर चार मिनिटं माझी असतात. चहा ठेवते, गॅलरीत उभी राहते. मशीन काम करतंय म्हटलं की मला कोणी काही सांगत नाही."

"अगं, पण तू म्हणाली होतीस ना, चार मिनिटं लागतात म्हणून!"

"म्हणाले की. आनंदाने म्हणाले होते!"

आनंदाने! अहो, तीन आठवडे! चाळीस पानं! मला साधी मेमरी घ्यायची होती... नव्हे, तीही घ्यायची नव्हती!

सोमवारी दहाला नकाशा गेला. पास झाला, वर तिच्या नावाची सही. आणि त्या रविवारपासून तिचा चहा मी करतो. शिक्षा म्हणा, काही म्हणा. ती नकाशा उघडायला लावते आणि गॅलरीत जाते, मी ओट्याशी. आता चार मिनिटांत चहा व्हायला पाहिजे ना? माझ्या चहाला सात लागतात. गिगाहर्ट्झला विचारलं, तर म्हणाला, "आधी सांग, पातेलं कुठलं?" मग मी पाणी कमी केलं, गॅस मोठा केला... साडेपाचवर आणला, पाचवर आणला, आणखी एक पायरी चढवायला गेलो आणि सगळा उतू! ओटाभर! हिने गॅलरीतूनच सांगितलं, "होतं तसं करा."

केलं. मंद गॅस, सात मिनिटं. चार मिनिटांनी नकाशा उघडतो आणि पुढची तीन मिनिटं पडद्यावर नुसता ताटकळत बसतो, कारण चहा झाल्याशिवाय ही काही गॅलरीतून हलत नाही. म्हणजे एवढा अभ्यास करून चार मिनिटांचा नकाशा मी सात मिनिटांवर नेऊन ठेवलाय. आणि ही म्हणते, नवीन मेमरी आल्यापासून मशीन फार छान चालतंय हो.