दोनदा न पाहिलेला घसा

व्यासपीठावरील आदरणीय अध्यक्ष, आमच्या वैद्यकीय अधीक्षक डॉ. सत्यशीला मॅडम, आजच्या सत्कारमूर्ती रत्नम्मा सिस्टर, त्यांचे यजमान मल्लिनाथराव, उदगीरपासून औशापर्यंत कुठून कुठून आलेली पेशंट मंडळी, आणि पंख्याखाली जागा न मिळालेल्या माझ्या सहकारी मित्रांनो,

एकतीस वर्षं कान-नाक-घशाच्या ओपीडीच्या दारात बसलेल्या बाईंना निरोप द्यायचा म्हणून मी दोन पानी भाषण लिहून आणलं होतं. त्यात ‘सेवाभावी’ हा शब्द चार वेळा आलाय. ते आता खिशातच राहू द्या, कारण माझ्या आधी गुरुलिंगअप्पा बोलून गेले.

अप्पा औशाच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सोयाबीनचा सौदा पुकारायचे. त्यांना स्वरयंत्राचा कॅन्सर झाला, ती सगळी हकिकत त्यांनी याच माइकवर सांगितली आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाले, “ह्या डाक्टरसायबानं बघताबरोबर वळखलं, म्हनून आज बोलायलो.” तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि मी हात जोडले. जोडायला नको होते. अप्पा, ते खरं नाही.

मॅडम, मला पाच मिनिटं जास्त लागतील. परवानगी असावी.

सिस्टरांची एक पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. त्या पेशंटचं नाव पुकारत नाहीत. पेशंटनं टेबलापाशी यायचं आणि आपलं नाव-गाव आपल्या तोंडानं सांगायचं. आम्ही त्यावर हसायचो. ही काय शाळेची हजेरी आहे का? असो.

दोन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर अप्पा आले. आवाज बसलेला. माझे वडील शिवमूर्तीअप्पा अडत्ये होते, मोंढ्यातल्या पोत्यांवर खेळत मी मोठा झालो. सीझनमध्ये धुराळा उडतो, दिवसभर ओरडावं लागतं, पुकारणाऱ्यांचे घसे बसतात, हे मला डॉक्टर होण्याच्या आधीपासून माहीत. अप्पाही म्हणाले, “सीझन हाय सायेब, दुसरं काय न्हाई.” मी चमच्यानं जीभ दाबली, टॉर्च मारली, गुळण्या आणि पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. स्वरयंत्र त्याच्याही खाली असतं, टॉर्चनं ते दिसत नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. केसपेपरवर मी माझ्याच हातानं लिहिलं होतं, ‘बिडी, तीस वर्षं.’ लिहिलं आणि पान उलटलं. दिवाळीनंतर ते पुन्हा आले. मी पुन्हा गोळ्याच लिहिल्या.

तिसऱ्या खेपेला सिस्टर अप्पांना घेऊन स्वतः आत आल्या. बाहेर शंभरावर माणसं खोळंबलेली. म्हणाल्या, “सर, पयल्या बारीला यांनी नाव सांगितलं ते मला बाकड्यावरून ऐकू आलं. आज कान तोंडाजवळ न्यावा लागला. आरशानं बघा.” मी चिडलो. सगळ्यांच्या देखत विचारलं, “सिस्टर, डॉक्टर तुम्ही की मी?”

“तुमीच. म्हनून तर म्हनायले, बघा.”

मी घशात घालायचा लांब दांडीचा छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर कोमट केला, अप्पांची जीभ धरली आणि ‘ई’ म्हणायला सांगितलं. डाव्या स्वरपट्टीच्या कडेवर तांदळाएवढी, पांढरट, खरबरीत गाठ होती. पण माझं लक्ष गाठीवर नव्हतं, पट्टी हलते का याच्यावर होतं. ती जखडली असती, तर बहुधा सगळं स्वरयंत्रच काढावं लागलं असतं, आणि जन्मभर गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास. अप्पांना उबळ आली. आरसा बाहेर काढला, पुन्हा कोमट केला. सिस्टरांनी अप्पांचं डोकं धरून ठेवलं. पुन्हा ‘ई’.

पट्टी हलली. उजवीपेक्षा आळसावून, पण हलली.

मग भूल देऊन तपासायला तुकडा काढला. त्या दिवशी अप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग, जे ते कधी अंगावेगळं करत नाहीत, सिस्टरांनीच त्यांच्या दंडाला बांधलं, म्हणून ते टेबलावर झोपायला तयार झाले. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर. तेव्हा त्यांच्या पत्नी उमाबाईंनी मला विचारलं, “सायेब, आदी दोनदा आलो तवा हे नव्हतं का?” मी म्हणालो, “तेव्हा दिसण्यासारखं नव्हतं.”

उमाबाई, मी तेव्हा पाहिलंच नव्हतं.

सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. त्या तेव्हा बोलल्या नाहीत, नंतर दोन वर्षांत कुणापाशी बोलल्या नाहीत. मलाही टोमणा मारला नाही. तो मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

आधी सापडलं असतं, तर कदाचित दुर्बिणीतून लेसरनं भागलं असतं. कदाचितच म्हणतो, पण तो कदाचित माझ्या पदरात आहे. अप्पांना नांदेडला राहून रेडिएशनचे तेहतीस शेक घ्यावे लागले. गळ्याची कातडी काळी पडली, थुंकी आटली. रोग गेला, आवाज राहिला, पण मोंढ्याच्या त्या टोकाला पोचेल असा राहिला नाही. सौदा आता दुसराच कुणी पुकारतो, अप्पा वजनकाट्यावर बसतात. आणि दर तपासणीला माझ्यासाठी पेढे आणतात. हे त्यांना एकट्यात सांगायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा पेढा खाऊन त्यांना परत पाठवलं. इतका भित्रा माणूस तुमच्यासमोर उभा आहे.

ओपीडीतल्या मुलामुलींनो, आवाज तीन आठवड्यांवर बसलेला असेल तर आत पाहायचं. सीझन असो, नसो. आणि दारात बसणारी बाई थांबवते तेव्हा थांबायचं. सिस्टर, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो त्याची मला लाज वाटते.

बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं, मॅडमनीही. तुम्हा सगळ्यांचा मी आभारी आहे. पण अप्पा, तुमच्याकडे माफी मागतो ती ओघातली नाही. तुम्ही ती द्यालच असं नाही, दिलीच पाहिजे असंही नाही. मंगळवारी तुमची तपासणी आहे. माझ्या हातून करून घ्यायची नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

रागावलात तरी चालेल. पण या.