जावक क्रमांक अकरा

पुरवणी जबाब. दिनांक २२, शुक्रवार. सुरुवात सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी.

नाव मंगळवारच्या जबाबात आहे तेच. वय ५७ वर्षे. धंदा: पायाच्या दुखण्यावर मापाचे बूट बनवणे. पत्ताही तोच. तळमजला, पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. घरात राहणारे: मी. मंगळवारी या ठिकाणी "मी व कुत्रा" असे लिहिले गेले आहे. ते तेव्हाही चूकच होते, कारण कुत्रा सोमवारी सकाळी मेला होता. ते दुरुस्त करावे.

मंगळवारी मी हजर केलेल्या पाकिटांची ओळख पटवण्यासाठी बोलावल्यावरून मी ठाण्यात आलो. पाकिटे पाहून झाल्यावर आता स्वतःहून सांगतो की,

माझा धंदा लोकांचे जुने बूट उलटे करून बघण्याचा आहे. तळ कुठे झिजला, टाच कोणत्या बाजूला बसली, हे पाहिले की माणसाचा कोणता गुडघा दुखतो आणि किती दिवसांपासून, हे मला कळते. गिऱ्हाईक "तसं मला काही होत नाही" म्हणत खुर्चीत बसते आणि त्याचा बूट माझ्याजवळ चुगली करतो. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही असे लोक म्हणतात. मीही म्हणत असे.

मयत कुत्रा अकरा वर्षांचा होता. मुलीने शाळेत असताना आणलेला. मुलगी आता नोकरीनिमित्त परगावी असते. कुत्र्याला सर्व जण मुकादम म्हणत, कारण तो दुकानाच्या दारात बसून आल्यागेल्याची हजेरी घेई. दूधवाला, पोस्टमन, वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, कोणालाही भुंकल्याशिवाय आत सोडत नसे.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणजे ज्यांच्याविरुद्ध मी मंगळवारी विषप्रयोगाची तक्रार दिली ते. वय अंदाजे सत्तर. एका कचेरीत आवक-जावक विभागात छत्तीस वर्षे काढून निवृत्त झाले, पण विभाग सोबत घरी घेऊन आले. माझी मुलगी त्यांना लहानपणापासून जावककाका म्हणते. ते बोलून भांडत नाहीत, पत्र देतात. पत्र पाकिटात घालून, वर जावक क्रमांक टाकून, माझ्या पत्रपेटीत सोडतात. मग जिन्यात भेटले की एवढेच विचारतात, "पत्र मिळालं का?" मी म्हणतो, "मिळालं." गेल्या दोन वर्षांत त्यांनी भुंकण्याबाबत अशी दहा पत्रे दिली. पहिली दोन मी वाचली. पुढची न उघडता खिळ्यांच्या डब्यामागे ठेवली. आलेली एकूण अकरा पाकिटे मी मंगळवारी छळाचा पुरावा म्हणून हजर केली, त्यांपैकी नऊ बंद होती. बंद पाकिटे पुरावा कशी, असे हवालदारसाहेबांनी तेव्हाच विचारले होते. मी म्हणालो, "आत काय असणार ते मला पाठ आहे."

महिन्याच्या सुरुवातीपासून मुकादम शांत झाला. दूधवाल्यावर भुंकणे बंद केले. दारात बसायचा तो आत शिलाई मशीनखाली जाऊन बसू लागला. गिऱ्हाइके म्हणाली, "शहाणा झाला हो." मी म्हणालो, "मुकादम निवृत्त झाले." सर्व हसले. तो उठताना एकदा पुढचे पाय रोवी, थांबे, पुन्हा रोवी. नुसता बसलेला असताना, ऊन नसताना, धापा टाकी. उजवा मागचा गुडघा चाटून चाटून तिथले केस पिवळट झाले होते. हे सर्व मी पाहिले होते. पाहिले नव्हते असे माझे म्हणणे नाही.

दिनांक ९, शनिवारी मी त्याला ब्रशने साफ करत असताना पाठीच्या शेवटाला हात लागला आणि तो माझ्यावर गुरगुरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी त्याला मारले. दुकानात लाकडी फरमे हाताशी होते, ज्यांच्यावर आम्ही बूट चढवतो ते लाकडी पाय. फरम्याने मारले नाही, हाताने मारले. मंगळवारच्या जबाबात हे सांगायचे राहिले.

दिनांक १०, रविवारी मुलीचा नेहमीप्रमाणे फोन आला. तिला मोबाईलवर तोंडे बघून बोलायची सवय आहे. ती म्हणाली, "बाबा, हा एकाच कुशीवर का बसतोय?" मी म्हणालो, "वय झालं त्याचं." ती म्हणाली, "वय हा काही आजार नाही. डॉक्टरकडे न्या." मी म्हणालो, "नेलं होतं." नेले नव्हते. पत्नीच्या वेळी तरी वेळेवर नेले होते का, असे मुलीने त्यावर विचारले. पत्नी हयात नाही. त्याचा या तक्रारीशी संबंध नाही, म्हणून सांगत नाही.

दिनांक १२, मंगळवारपासून मी मुकादमला गोळी सुरू केली. कंबरेसाठी मी स्वतः घेतो ती. मला चालते तर त्याला अर्धी चालेल, असा हिशेब केला. हा हिशेब मला कोणी सांगितला नाही, माझाच आहे. उकडलेल्या अंड्याच्या बलकात घालून सकाळी अर्धी दिली. बुधवारी सकाळी तो दारात येऊन बसला आणि दूधवाल्यावर भुंकला. दूधवाला म्हणाला, "मुकादम रुजू झाले वाटतं." मला फार आनंद झाला. म्हणून गुरुवारपासून पूर्ण गोळी, सकाळ-संध्याकाळ.

शुक्रवारी त्याने अंडे खाल्ले नाही. मी जबडा उघडून गोळी घातली. शनिवारी तो दोनदा ओकला व शी डांबरासारखी काळी झाली. मी ती फरशीवरून पुसली आणि पोट बिघडले असे समजून गोळी चालूच ठेवली, कारण दुखणे परत येऊ नये. रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा तो झोपला आहे असे सांगितले.

दिनांक १८, सोमवारी सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी मी त्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. त्यांनी हिरड्या पाहिल्या. पांढऱ्या होत्या. "घरातलं काही औषध दिलंत का?" असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. सलाईन लावताना पुन्हा विचारले, "अहो, दुखण्यावरची एखादी गोळी? लोक देतात, मी रागावणार नाही." मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा बाकावर माझे एक जुने गिऱ्हाईक मांजर घेऊन बसले होते आणि शेजारच्या बाईंना सांगत होते, "हे बूटवाले नुसत्या चपलेवरून दुखणं सांगतात." मी नाही म्हणालो.

त्यानंतर बाईंनी मला त्याचे मागचे पाय दाखवले. डाव्या पायाची नखे घासून बोथट झाली होती. उजव्या पायाची लांब, टोकदार. बाई म्हणाल्या, "हा पाय दोन-तीन महिने तरी नीट टेकलेला नाही. टेकला असता तर नखं झिजली असती." हा हिशेब मी रोज लोकांना समजावून सांगतो. त्यांनी समजावला तेव्हा मला पूर्ण समजला. त्या म्हणाल्या, "कुत्रा दुखलं म्हणून रडत नाही हो. तो एकेक काम सोडत जातो."

त्यांनी मग काय करता आले असते तेही सांगितले, मी विचारले नसताना. कुत्र्यांसाठी वेगळी औषधे असतात, वजनावर मोजून, रक्त तपासून, पोटात अन्न असताना. माणसाची गोळी त्यांच्या पोटाला व मूत्रपिंडाला सोसत नाही. गुळगुळीत फरशीवर रबर अंथरायचे, म्हणजे पाय घसरत नाहीत. पायरीला उतरती फळी लावायची. खाली जाड गादी द्यायची. वजन थोडे उतरवायचे. माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात तळव्यांच्या खरबरीत रबराच्या तीन गुंडाळ्या गेले वर्षभर उभ्या आहेत. मुकादम त्यांच्यासमोरून रोज घसरत जात असे.

सकाळी ९ वाजून १५ मिनिटांनी तो मेला. बाई म्हणाल्या, विषासारखे दिसते आहे, तपासून बघू. विष हा शब्द त्यांचा आहे. वरच्या मजल्याचा पत्ता मी पुरवला.

मंगळवारी मी या ठाण्यात तक्रार दिली. मुलीलाही फोनवर तेच सांगितले. ती रडली नाही. तिने जावककाकांचा एक जुना फोटो, तिच्याच वाढदिवसाचा, आपल्या मोबाईलवरून सगळीकडे पाठवला. बुधवारी सकाळी आमच्या फाटकाशी तीस-पस्तीस माणसे फलक घेऊन उभी होती. त्यांतल्या एकानेही मुकादमला पाहिलेले नव्हते. दोघे माझ्या गळ्यात पडले. कोणीतरी वर जाऊन जावककाकांच्या दारावर लाल रंगाने खुनी असे लिहिले. त्यांची पत्नी त्या दुपारी बहिणीकडे निघून गेली. मी दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून आत फरमे पुसत बसलो होतो. फरमे स्वच्छच होते.

काल गुरुवारी दवाखान्याचा अहवाल आला. उंदराचे औषध नाही, कीटकनाशक नाही. पोटात जखमा, रक्तस्राव, मूत्रपिंडे निकामी, आणि माणसांच्या वेदनाशामक गोळीचा अंश. डॉक्टरीणबाईंना मी फोन करून विचारले, की सोमवारी मी खरे सांगितले असते तर. त्या म्हणाल्या, "वाचला असता असं सांगता येत नाही." मग म्हणाल्या, "वाचला नसता असंही नाही."

आज मला बोलावले तेव्हा हवालदारसाहेबांनी बंद पाकिटे माझ्यासमोर फोडली. आठ पाकिटांत भुंकण्याची वेळ व कालावधी होता. शेवटचे पाकीट दिनांक १० चे, म्हणजे गोळी सुरू करण्याच्या दोन दिवस आधीचे. साहेबांनी ते मोठ्याने वाचले. मजकूर माझ्या विनंतीवरून येथे उतरवला आहे.

"जावक क्रमांक ११. विषय: आपल्या कुत्र्याच्या दुखण्याबाबत. महोदय, यापूर्वीची दहा पत्रे भुंकण्याबाबत होती. सदर कुत्रा दिनांक २ पासून दूधवाल्यावर भुंकत नाही. दिनांक ५ पासून उठण्यास तीन प्रयत्न लागतात. दिनांक ७ पासून दारातील पायरी टाळून गाड्यांच्या उतारावरून वळसा घालून येतो. उजवा मागचा पाय टेकत नाही. काल आपण त्यास मारल्याचा आवाज आला. त्याचा स्वभाव बिघडलेला नसून त्यास दुखत असावे. जनावरांच्या दवाखान्याचा क्रमांक खाली देत आहे. त्यास नेण्यास सोबत हवी असल्यास मी सकाळी आठनंतर मोकळा असतो. पूर्वीच्या दहाही तक्रारी मागे घेत आहे. कळावे."

साहेबांनी वाचून पत्राची घडी घातली. मग मला म्हणाले, "काका, ही तर चोराच्या उलट्या बोंबा झाल्या." हे वाक्य त्यांनी जबाबात घेतले नव्हते. मी घ्यायला लावले.

दिनांक ११, सोमवारी जावककाका मला जिन्यात भेटले होते व त्यांनी विचारले होते, "पत्र मिळालं का?" मंगळवारच्या जबाबात मी हे वाक्य डिवचणे म्हणून नोंदवले आहे. मी त्यांना "मिळालं" असे म्हणालो होतो.

ते आज सकाळी दहापासून बाहेरच्या बाकावर बसवलेले आहेत. मी पाणी प्यायला बाहेर गेलो असता समोरासमोर आलो. अहवालाबद्दल त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. मी म्हणालो, "अकरावं आज वाचलं." ते म्हणाले, "पेटीत टाकून मी मोकळा झालो. दार वाजवायला हवं होतं, बूटवाले. नोकरीभर हेच केलं." त्यांच्या उजव्या बुटाची टाच बाहेरून पार बसलेली आहे. डावा गुडघा बरेच दिवस दुखत असावा.

तरी माझे सांगणे असे, की त्यांच्याविरुद्धची तक्रार खोटी आहे व ती मी केली. त्यांचे नाव आरोपीच्या रकान्यातून काढून तेथे माझे लिहावे. साहेब म्हणतात की फिर्यादी आणि आरोपी एकच, असा त्यांच्याकडे छापील नमुना नाही, वर विचारावे लागेल. विचारावे. त्यांच्या दारावरचा रंग मी स्वतः खरवडून काढीन. लाकडात मुरला आहे, सगळा निघेल असे वाटत नाही. उरलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत हजर करत आहे.

हा जबाब चालू असताना मुलीचा फोन तीनदा आला. उचलला नाही. ती आज चारच्या गाडीने येत आहे, मुकादमला न्याय मिळवून देण्यासाठी. ती आधी घरी येणार नाही, स्टेशनवरून थेट ठाण्यात येणार आहे, कारण मीच तिला तसे सांगितले होते. तिला हा जबाब मी सांगावा की साहेबांनी वाचून दाखवावा, असे मला विचारले. याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही, म्हणून ही जागा कोरी ठेवावी.

जबाब माझ्यावर कोणी दडपण आणल्यामुळे दिलेला नाही. साहेबांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. दार उघडे असल्याने बाकावरही ऐकू गेला. मी सांगितला तसाच उतरला आहे. कुठे चूक सापडते का म्हणून दोनदा वाचायला लावला. सापडली नाही.

सही.