एकट्यानं विणलेलं कापड

...नाही, परक्यानं केलं असतं ना, तर तुम्हाला सांगतो, गिळलं असतं मी! पण आत्यानं? जिनं मला लहानाचं मोठं केलं, तिनंच केसानं गळा कापावा?

मी पुरातत्त्ववाला. पाच हजार वर्षांपूर्वी माणसं कशी विणायची, हे नुसतं वाचायचं नाही, स्वतः विणून बघायचं! म्हणून मागच्या खोलीत माग उभा केला. दोन खांब, वर दांडा, त्यावरून लोंबणारे धागे, आणि धागे ताठ राहावेत म्हणून खाली मातीची वजनं, तीसुद्धा मीच भाजलेली! प्रश्न एकच : एकटा नवशिका माणूस दिवसाला किती विणतो? माझी अख्खी नोकरी त्या आकड्यावर टांगलेली.

पहिला आठवडा रोज दोन बोटं. धागे तुटतायत, वजनं पायावर पडतायत... आणि दुसऱ्या आठवड्यात हात बसला की हो! सकाळी विणायचं, जेवायचं, तासभर पडायचं, उठून बघतो तर कापड वीतभर! म्हटलं, कामाच्या नादात भान कुठलं राहतंय? टिपलं वहीत. विभागप्रमुख म्हणाले, "एकट्यानं? नक्की?" मी म्हटलं, सर, आत्याखेरीज घरात चिटपाखरू नाही!

परक्यानं केलं असतं तर गिळलं असतं हो...

मग कापड गेलं तपासणीला, कुणी विणलं ते न सांगता. भिंगातून धागा न् धागा बघणाऱ्या बाई त्या. त्यांनी लिहिलं, "विणणारे दोघे. एक अत्यंत कसलेली बाई. दुसरं आठ-नऊ वर्षांचं मूल असावं."

मूल!

तडक घरी आलो. आत्या भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तू झोपायचास आणि तुझ्या कापडातली ती भोकं माझ्याकडे बघत बसायची. बघवेना मला."

"अगं, मग सांगायचं तरी!"

"तू केवढा खूश होतास रे. शाळेतसुद्धा असाच व्हायचास."

शाळेत? म्हणजे... हस्तकलेचं पहिलं बक्षीस? आत्या भाजीच निवडत राहिली. रडू आलं हो मला, या वयात!

विभागप्रमुखांना सगळं कबूल केलं. म्हटलं, गेली नोकरी. तर ते खुर्चीतून उठलेच, "अरे, हाच तर निष्कर्ष! असलं कापड एकट्याचं नसतंच!"

आता निबंध छापून येतोय. पहिलं नाव आत्याचं. मी? आहे ना मी... तिसऱ्या चित्राखाली, 'डावीकडची भोकं : घरातलं लहान मूल.' परक्यानं लिहिलं असतं तर गिळलं असतं हो... ती ओळ आत्यानं सुचवली.